गरीब असून भागत नाही, गरीब दिसावं लागतं

गरीब हा शब्द आपण दिवसातनं दहा वेळा वापरतो आणि तो कुठनं आला हे बघायला जात नाही, जायचं कारणही नाही म्हणा, भाकरी खाताना कुणी ज्वारीचं कूळ विचारत नाही. पण या शब्दाचं मूळ कळलं की आपल्याकडं गरिबांबद्दल जे काय चालतं, रेशनच्या लायनीपासनं सोयरीक जमवण्यापर्यंत, त्यातला बराच घोळ उलगडतो, म्हणून थोडं लांबनं सुरू करतो.

अरबीत गरीब म्हणजे पैसे नसलेला माणूस नव्हे. गरीब म्हणजे परका, आपला मुलूख सोडून आलेला, ज्याला या गावात कोण ओळखत नाही असा. त्या शब्दाचं मूळ दूर जाण्याशी, मावळण्याशी जोडलेलं आहे, म्हणून पश्चिम दिशेला अरबीत गर्ब म्हणतात आणि सूर्य मावळल्यावरची नमाज ती मगरिबची. मोरोक्को देशाचं अरबी नावसुद्धा अल-मगरिब, मावळतीकडचा देश. तुर्कीत आजही गरीप म्हणजे विचित्र, जगावेगळं. इराणात गरीब म्हटलं तर आधी परका माणूसच डोळ्यासमोर येतो. आणि खरोखर नडलेल्या माणसाला अरबीत शब्द कुठला, तर फकीर, जो आपण घेतला आणि झोळी अडकवून, मोरपिसांचा कुंचा हातात देऊन दर्ग्यापाशी बसवला.

आता परक्याचा नडलेला कसा झाला? मला तरी यात फार गूढ काय वाटत नाही. जुन्या काळात माणसाकडं काय आहे हे त्याच्या खिशावर ठरायचं नाही, त्याच्या मागं कोण आहे यावर ठरायचं. भावकी आहे का, शेत आहे का, गावात उधार देणारा दुकानदार आहे का, मेल्यावर खांदा द्यायला चार माणसं आहेत का. हे सगळं ज्याचं मागं राहिलं तो परमुलखात उभा राहिला की सोनं कनवटीला असलं तरी नडलेलाच. इस्लाममध्ये जकात कुणाकुणाला द्यायची त्या यादीत फकीर आहे, मिस्कीन आहे आणि वाटसरूही आहे, तो घरी कितीही खाऊनपिऊन सुखी असूदे. म्हणजे परकेपण ही स्वतःच एक नड आहे हे त्यांनी मान्य केलंवतं. फारसीच्या वाटेनं हा शब्द हिंदुस्थानात आला, बहामनी आणि आदिलशाहीच्या राजवटीत आपल्या बोलण्यात मुरला, आणि येता येता त्याच्यातला परका गळून पडला, नडलेला तेवढा राहिला. (गरीबगुरबे म्हणतो ना आपण, त्यातला गुरबा हे गरीबचंच अरबी अनेकवचन, म्हणजे एकच माणूस दोनदा मोजायचा प्रकार. सरकारी यादीत हे झालं असतं तर चौकशी लागली असती.)

कोण म्हणेल हे मुसलमानी शब्दाचं झालं, आपला संस्कृत शब्द बघा की. बघूया. दरिद्र. हा शब्द द्रा या धातूपासनं येतो आणि त्या धातूचा अर्थ पळणं, धावणं. दरिद्र म्हणजे मुळात इकडनं तिकडं वणवण फिरणारा. दोन भाषा, एकमेकींचा काय संबंध नसलेल्या, आणि दोन्हींनी नडलेल्या माणसाकडं बघून पहिल्यांदा हेच टिपलं की याला एका जागी थारा नाही. पैशाचा उल्लेख दोन्हीत नाही. मला हे फार मोठं वाटतं, कारण आज आपण गरिबी मोजतो ती फक्त रुपयात, आणि रुपयात मोजूनही चुकतो, त्यावर येतोच.

पण त्याआधी मराठीनं काय केलं ते सांगितलं पाहिजे. परका गळाला तिथं आपण दुसराच एक अर्थ आणून भरला. कुठलाही बरा मराठी कोश उघडा, गरीब म्हणजे निर्धन आणि गरीब म्हणजे शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात, मारकुटा नसलेला. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात वडगावच्या जनावरांच्या बाजारात उभं राहून ऐका. म्हैस बघायला आलेला माणूस तिची कास बघतो, सड चाचपतो, दात बघतो, आणि मग विचारतो, "गरीब हाय न्हवं?" विकणारा म्हणतो, "लई गरीब, पाव्हणं. बारकं पोरगं धारंला बसलं तरी पाय हलवायची न्हाई." मग टॉवेलाखाली बोटं धरून भाव ठरतो, आणि गरीब जनावराला चार पैसे जादाच मिळतात. तिथं गरीब हा गुण आहे. लाथ न मारणं, शिंग न उगारणं, कुणीही कासरा धरला तरी मागनं चालणं.

हाच शब्द तसाच उचलून आपण माणसाला लावला. "पोरगी गरीब गाय आहे हो" हे स्थळ सांगताना अजून ऐकायला येतं. आणि त्याच्या पुढची पायरी तर मी कितीतरी बैठकांत ऐकलीय, चहा पोहे झाल्यावर, पाहुणे गेल्यावर घरातली एखादी मोठी बाई हळूच म्हणते की गरिबाघरचीच करूया, दबून राहील. या एका वाक्यात शब्दाचे दोन्ही अर्थ एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसलेत. पैसा नाही म्हणून आवाज नसणार, असा हिशोब. पुढं ती पोरगी बोलायला लागली की सगळं घर चकित होतं, गरिबाघरची असून तोंड बघा की हिचं.

माझं म्हणणं सगळं इथंच आहे. आपण गरिबाला मदत करतो तेव्हा त्याच्याकडनं दुसऱ्या अर्थाची गरिबीसुद्धा मागतो. पैसे नसणं पुरत नाही, खाली मान पाहिजे, मळका शर्ट पाहिजे, साहेब म्हणायला पाहिजे. नडलेला माणूस ताठ बोलला, हिशोब विचारला, की त्याच्यासाठी आपल्याकडं शब्द तयार आहे, माजलाय. हा शब्द बघा कधी श्रीमंताला एवढ्या पटकन लागतो का. बंगलेवाला भांडला तर तो खमक्या.

रेशन दुकानापुढं एकदा माझ्या पुढं एक बाई होती, चार घरची भांडी करून आलेली असणार, ओली बोटं पदराला पुसत होती. मशीनवर अंगठा उमटेना. भांडी घासून, कपडे धुऊन रेषा झिजतात, गवंड्याचं, ऊसतोड्याचं तेच होतं, म्हणजे राबल्याचा पुरावा अंगावर असतो आणि त्याच पुराव्यापायी मशीन ओळख देत नाही. तिनं अंगठा पुसला, केसांवरनं फिरवला, परत लावला. चौथ्या खेपेला दुकानदाराला म्हणाली की मागच्या महिन्याचे दोन किलो राहिलेत, ते पण द्या. झालं. मागचा एक जण, चांगला इस्त्रीचा शर्ट, म्हणाला, "मोबाईल बघा हातातला, म्हणं गरीब." मोबाईल कुठला, काचेला तीन तडे गेलेला. आणि नसते गेले तडे, तरी काय? आज गॅसचा नंबर, बँकेचा मेसेज, पोराच्या शाळेचा अभ्यास, ओटीपी, सगळं त्या मोबाईलवर येतं, सरकारच सांगतं मोबाईल लिंक करा, आणि लिंक केला की लायनीतला माणूस सांगतो मोबाईल आहे म्हणजे गरीब नाही. आणि ती दोन किलो मागत होती ते तिच्या हक्काचे होते हो, दुकानदाराच्या खिशातले नव्हते.

राजस्थानात दौसा जिल्ह्यात २०१७ साली याच्याही पुढं मजल गेली. रेशन घेणाऱ्या घरांच्या भिंतींवर रंगानं लिहिलं गेलं, मी गरीब कुटुंबातला आहे आणि अन्नसुरक्षेचं धान्य घेतो. पाच किलो गहू पाहिजे असेल तर दारावर पाटी मिरवा. आपल्याकडं भिंत रंगवत नाहीत एवढंच, आपण कार्ड रंगवलं. १९९९ पासनं महाराष्ट्रात पिवळं, केशरी आणि पांढरं अशी तीन रंगांची कार्डं आहेत, आणि पिवळं कार्डवाला हे माणसाचं वर्णन होऊन बसलं. शाळेत आरटीईची पोरं, दवाखान्यात योजनेचा पेशंट. नावानं हाक मारायला जास्त वेळ लागतो का?

आता रुपयांचं. २०११ मध्ये नियोजन आयोगानं सुप्रीम कोर्टात सांगितलेलं की शहरात दिवसाला ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये खर्च करणारा माणूस दारिद्र्यरेषेच्या वर धरायचा, त्यावर देशभर बोंब झाली ती अनेकांना आठवत असेल. ते निदान गाजलं तरी. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला तेव्हा आपल्या राज्यानं प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे स्वस्त धान्याच्या यादीत बसणाऱ्या घरासाठी, उत्पन्नाची जी मर्यादा धरली ती मात्र फार लोकांना माहीतच नाही, शहरात वर्षाला ५९,००० आणि खेड्यात ४४,०००. वर्षाला, आणि अख्ख्या कुटुंबाचं मिळून. ५९,००० ला बारानं भागा, महिन्याला पाच हजारसुद्धा होत नाहीत. कोल्हापुरात राजारामपुरीत तीन घरची धुणीभांडी करणारी बाई घरामागं दोन हजार धरले तरी महिन्याला सहा हजार आणते, वर्षाला ७२,०००, झाली की ती श्रीमंत. नवऱ्याची हमाली अजून मोजलीच नाही. दुसऱ्या बाजूला आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक म्हणून २०१९ ला जे १० टक्के आरक्षण आलं त्याची मर्यादा आठ लाख. कबूल, दोन्ही योजना वेगळ्या, हेतू वेगळे, एकात पोटाला पाच किलो धान्य आहे आणि एकात कॉलेजची सीट आहे. पण एकाच सरकारच्या कागदावर पावणेआठ लाखवाला दुर्बल आणि साठ हजारवाली सबल हे वाचून तुम्हाला हसू येत नसेल तर तुमचा स्वभाव खरंच गरीब आहे.

आणि याचा परिणाम काय होतो ते सेतू केंद्रावर जाऊन बघा. उत्पन्नाचा दाखला काढायला आलेला प्रत्येक जण तोच आकडा लिहितो जो बसतो. लिहून देणारा पोरगाच सांगतो, मावशी एवढं घाला, जास्त घातलं तर कटंल. मावशी घालते. म्हणजे सरकारनं मर्यादा अशी ठेवायची की खरं सांगणारा बाहेर फेकला जाईल, माणसानं खोटं लिहायचं, आणि मग अधनंमधनं मोहीम काढायची की बोगस लाभार्थी शोधा. तिला खोटं बोलायला लावलं कुणी? अर्ज, दाखला, शिक्का, तहसीलदार हे सगळे शब्दसुद्धा गरीबच्याच फारसी वाटेनं आलेत, एकत्र आले, अजून एकत्रच नांदतायत, गरीब एकीकडं आणि बाकी सगळे काउंटरच्या पलीकडं.

बोगस नसतातच असं मी म्हणत नाही. दारात चारचाकी लावून केशरी कार्डावर धान्य उचलणारे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत, काहींनी तर तेच धान्य कोंबड्यांना घातलेलं मी बघितलंय. त्यांना काढा, जरूर काढा. पण ते काढायला लोकांच्या साड्या आणि मोबाईल बघायची गरज नाही, चारचाकीची नोंद आरटीओकडं आहे, सरकारी पगार सरकारच देतंय, इन्कम टॅक्स कोण भरतंय ते पॅनवर दिसतं. ज्याच्याकडं आहे त्याची कागदं आधीच सरकारकडं आहेत, त्यावरनं त्याला बाहेर काढणं सोपं. आपण उलटं करतो, ज्याच्याकडं काय नाही त्यालाच काय नसल्याचा पुरावा आणायला लावतो. नसल्याचा पुरावा कसा आणायचा असतो? मग तो दिसण्यातनं, रडण्यातनं, हात जोडण्यातनं आणावा लागतो. बिचारा या शब्दाचा अर्थच फारसीत तो आहे, ज्याच्यापुढं चारा म्हणजे इलाज उरला नाही तो. लाचारमधला चारही तोच. पण इलाज नसलेला म्हणून ज्याला शब्द लावला त्यालाच आपण नंतर म्हणतो, काय लाचार माणूस आहे, जणू त्यानं हौसेनं पत्करलंय.

गंमत अशी की ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललंय ते स्वतःला गरीब फारसं म्हणतच नाहीत. स्वतःला गरीब कोण म्हणतं सांगू का? आठ एकर ऊस, दारात काळी गाडी, आणि म्हणणार, "या की एकदा गरिबाच्या घरी, तांबडा पांढरा करतो." ते त्याला शोभतं, कारण तो गरीब नाही हे ऐकणाऱ्याला माहीत आहे. खरोखर नडलेला माणूस वेगळं बोलतो. तो म्हणतो परिस्थिती नव्हती. "पोरगं हुशार होतं, पण परिस्थिती न्हवती." "यंदा जरा परिस्थिती बेताची हाय." हा शब्द आपल्या लोकांनी किती विचार करून धरलाय बघा, भोवतालची स्थिती, एवढाच त्याचा अर्थ. माणूस वाईट नाही, आळशी नाही, मुळात गरीब नाही, भोवती जे आहे ते बेताचं आहे आणि उद्या ते बदलू शकतं. २०१९ च्या पुरात शिरोळ तालुक्यातली चांगली बागायतदार घरं चार दिवसांत रांगेत उभी राहिली, पाण्याच्या बाटलीसाठी, बिस्किटाच्या पुड्यासाठी. त्यांना कुणी गरीब म्हटलं नाही, पूरग्रस्त म्हटलं, आणि बरोबरच म्हटलं. कारण सगळ्यांना दिसत होतं की पाणी बाहेरनं आलंय. ज्याच्या घरात पाणी वर्षानुवर्षं हळूहळू शिरतंय, कर्जाचं, आजारपणाचं, सुटलेल्या शाळेचं, त्याला मात्र आपण गरीब म्हणून माणसावरच शिक्का मारतो.

मग शब्द बदलावा का? मला त्यात फार अर्थ वाटत नाही. वंचित आला, दुर्बल आला, आता लाभार्थी आलाय. लाभार्थी म्हणजे लाभाची इच्छा करणारा, मला तर हा गरीबपेक्षा वाईट वाटतो, यात माणूस हक्क मागत नाही, लाभाची आशा धरून बसलाय आणि देणाऱ्याचा फोटो पिशवीवर छापलाय. बहीण म्हणूनही बघितलं, २०२४ पासनं दीड हजार खात्यात येतायत, अनेकींना त्याचा उपयोग झालाय हे खरंच, पण बहिणीचा वाटा आणि बहिणीला ओवाळणी यातला फरक आपल्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा, ती सांगेल. शब्द कुठलाही आणा, देणाऱ्याची नजर तीच राहिली तर तो वर्षभरात मळतो.

शब्द बदलण्यापेक्षा मला त्याचा जुना अर्थ परत काढून बघावासा वाटतो, कारण तो संपलेला नाही. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यात बीडकडनं ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा बायको मिळून एक कोयता मोजतात, माणसं मोजतच नाहीत, हत्यार मोजतात. मुकादमाकडनं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत हंगाम, नाही फिटली तर पुढचा हंगाम. कारखान्याच्या रानात नाहीतर गावाबाहेर पालं पडतात, पहाटे थंडीत बैलगाड्या निघतात, लहान पोरं उसाच्या सरीत झोपवलेली असतात. आणि आपण त्यांना काय म्हणतो? टोळीवाले. शेतकऱ्याची बाजू मला माहीत आहे, घरचाच ऊस आहे, फेब्रुवारी उजाडला तरी तोड आली नाही की पोटात गोळा येतो, आणि मग एकरामागं खुशाली, म्हणजे टोळीला वरचे पैसे, द्यावी लागते ती बोचते. बोचते म्हणजे बोचतेच. पण खुशाली मागितली की "माजलेत" म्हणणारे आपणच, साखर कारखान्यानं बिल थकवलं तर निवेदन देतो, मोर्चा काढतो, हात जोडून. त्यांनी दर विचारला की माज आणि आपण विचारला की आंदोलन.

गावात कोण ओळखत नाही, रेशनचं कार्ड तिकडं, मतदान तिकडं, पोराचं नाव तिकडच्या शाळेच्या पटावर. एक देश एक रेशनकार्डमुळं आता इथल्या दुकानातनं धान्य घेता येतं हे कागदावर आहे, पण पहाटे पाचला निघून रात्री आठला येणाऱ्या बाईनं कुठल्या दुकानात कधी जायचं, आणि गेली तर दुकानदार तिला ओळखीच्या गिऱ्हाइकासारखं वागवेल का. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली परगावची पोरं रस्त्यावर आली तेव्हा तर हे उघडंच पडलं. पगारदार पोरं होती ती, महिन्याला आपल्या इथल्या कितीतरी जणांपेक्षा जास्त मिळवणारी. आठ दिवसांत अरबी अर्थानं गरीब झाली. घरमालक, दुकानदार, भावकी यातलं एकही मागं उभं नव्हतं.

आणि कोल्हापूरला हे कळायला अरबी कोशाची गरजच नव्हती. शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा मागासांसाठी ५० टक्के राखीव जागांचा जाहीरनामा सगळे सांगतात, सांगायलाच पाहिजे, पण त्याच्याही आधी, १९०१ ला, त्यांनी हात घातला तो वसतिगृहात. खेड्यातलं पोरगं शहरात आलं की त्याची पहिली अडचण फी नसते, रात्री झोपायचं कुठं आणि जेवायचं कुणाकडं ही असते. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग झालं, जैन, लिंगायत, मुस्लिम झालं, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल झालं. दसरा चौकातनं आपण रोज गाड्या हाणत जातो, त्या इमारती काय आहेत हे डोक्यात येत नाही. परक्या गावात पोराला छप्पर मिळालं की त्याच्या गरिबीतला निम्मा भाग तिथंच गळतो हे महाराजांना कळलेलं. जातीजातीची वेगळी बोर्डिंगं काढली म्हणून त्यावर टीका होते, मला ती अर्धीच पटते, त्या काळी एका पंगतीला बसवायला गेले असते तर पंगतच उठली असती.

आज त्याच जिल्ह्यात एवढे कारखाने धुराडी पेटवतात आणि ऊसतोड्यांची पोरं वाढ्यांच्या ढिगावर खेळत हंगाम काढतात. साखरशाळा काही ठिकाणी निघाल्या, काही नुसत्या पाटीपुरत्या राहिल्या. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडनं टनामागं १० रुपये घ्यायचं सरकारनं ठरवलंय, म्हणजे पैसा कुठनं यायचा हा प्रश्न निदान कागदावर तरी सुटलाय. त्यातनं पहिलं काम प्रत्येक कारखान्यापाशी हंगामापुरतं का होईना, पण पक्क्या छपराच्या वसतिगृहाचं व्हावं, सोबत जवळच्या शाळेचा एक मास्तर आणि दोन वेळचं गरम जेवण. आणि प्रवेशाच्या फॉर्मवर बापाच्या उत्पन्नाचा रकाना ठेवू नये. टोळीच्या यादीत आईबापाचं नाव असलं की बास.